ऑईलमध्ये चमकी दिसतेय, इंजिन पुन्हा उघडायचं का?

प्रश्न : नमस्कार सर. माझ्या डिझेल गाडीच्या इंजिनाचं नुकतंच पूर्ण काम झालं. आधी तीन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं होतं, खडखड वाजायला लागलं म्हणून इंजिन उतरवलं. क्रँक ग्राइंड केला, बोअर करून होनिंग केलं, पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे शेल (क्रँकभोवती बसणारे अर्धगोल पत्रे), ऑईल पंप सगळं नवीन. टर्बो आणि ऑईल कूलर तेवढे जुनेच होते, ते धुऊन परत लावले. ८०० किलोमीटरला पहिलं ऑईल काढलं तर ट्रेमध्ये उन्हात चमचम दिसते. चुंबक फिरवला, त्याला काळा चिखलासारखा थोडा चुरा लागला पण बऱ्याच बारीक चकत्या तशाच राहिल्या. मिस्त्री म्हणतात नवीन बांधलेल्या इंजिनाला एवढं येतंच, चालवत राहा. आवाज काही नाही, ॲव्हरेज पण चांगलं आहे, फक्त इंजिन खूप तापल्यावर आयडलिंगला ऑईलचा लाईट एक-दोनदा लुकलुकला. चालवत राहू की परत उघडू?

उत्तर : तुम्ही जे सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय ना, लाईट लुकलुकल्याचं, ते मी सगळ्यात आधी घेतो. गाडी उभी करा. आज, आत्ता. पुढचं सगळं वाचून, फिल्टर कापून, निदान लागेपर्यंत सेल्फ मारू नका. ऑईल प्रेशरचा स्विच साधारण अर्ध्या बारच्या आसपास लागतो, म्हणजे तो लाईट लुकलुकला तेव्हा तुमच्या क्रँकला जवळजवळ काहीच प्रेशर नव्हतं. नवीन पंप, नवीन शेल आणि ८०० किलोमीटर, अशा इंजिनात हे व्हायलाच नको. नुसती चमकी असती तर मी इतक्या घाईने बोललो नसतो.

आता मिस्त्रींचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे, म्हणून तर माणूस फसतो. होनिंग केलेल्या बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) तिरक्या रेघांची जाळी असते, त्या रेघांचे शेंडे आणि नवीन रिंगा एकमेकांना घासून बसतात आणि यातली बहुतेक झीज पहिल्या काही तासांतच होते. त्यातून जे निघतं ते लोखंडाचं अगदी पीठ असतं, बोटांत चोळलं तर कण लागत नाही, ऑईलला नुसती राखाडी झाक येते आणि चुंबकाला ते चिखलासारखं बसतं. तुमच्या चुंबकाला लागलेला काळा चुरा बहुधा हाच, त्याची काळजी नको. काळजी त्या चकत्यांची आहे ज्या चुंबकाला लागल्या नाहीत, कारण रिंग आणि बोअर दोन्ही लोखंडाचे, त्यातून चुंबकाला न लागणारं सहसा निघत नाही. मग त्या आल्या कुठून?

हे ट्रे बघून नाही कळायचं, फिल्टर कापावा लागतो. जड कण चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याच्या) तळाला बसतात, बाकीचे फिल्टरच्या कागदात अडकतात, आणि ड्रेन करताना ट्रेमध्ये येतो तो त्यातला अगदी थोडा भाग. फिल्टर हॅक्सॉने कापू नका, हॅक्सॉचा स्वतःचा कीस आत पडतो आणि मग तुम्ही त्या किसाचंच निदान करत बसाल. गोल फिरवून कापायचा फिल्टर कटर मिळतो तो वापरा (तुमचा फिल्टर आतला नुसता कागदी काडतुसाचा असेल तर हा खटाटोपच नाही). कागद बाहेर काढा, दोन्ही टोकं कापून घड्या मोकळ्या करा, स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळून व्हाईसमध्ये दाबून ऑईल काढून टाका आणि मग उन्हात पसरून एकेक घडी बघा. भिंग असेल तर उत्तम. सगळ्या घड्या मिळून दोन-चार बारीक ठिपके दिसले तर नवीन इंजिनाला माफ, पण प्रत्येक घडीत चमक असेल तर कुठलाही मिस्त्री काहीही म्हणो, आत काहीतरी खरवडतंय.

मग कण वेचा आणि पेट्रोलने धुऊन पांढऱ्या कागदावर वाळवा. कागदाखालून चुंबक फिरवला की लोखंडी कण बाजूला होतात. त्यांचा आकार बघा, मला तर रंगापेक्षा आकार जास्त सांगून जातो. वळलेला, स्प्रिंगसारखा किंवा सुईसारखा कीस म्हणजे मशिन शॉपमधला, धुताना राहिलेला. चपट्या, एका बाजूने गुळगुळीत चकाकणाऱ्या चकत्या म्हणजे कुठलातरी चालू भाग आत्ता सोलला जातोय. पहिली गोष्ट धुण्याच्या हलगर्जीपणाची, दुसरी चालू दुखण्याची.

चुंबकाला न लागणाऱ्यात तांबूस पिवळी चकती दिसली तर ती शेलचा मधला तांब्याचा थर, पिस्टन पिनचं बुश किंवा टर्बोचं बेअरिंग यांपैकी कुणाची तरी असणार. तीन थरांच्या शेलला वरून शिसं-कथिलाचा मऊ थर असतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या एक-दोन पट इतकाच जाड, त्याखाली तांबं-शिसं, मग स्टीलची पाठ. म्हणजे शेलचं तांबं बाहेर आलं असेल तर वरचा थर केव्हाच गेलाय. चंदेरी चकती असेल तर दोन शक्यता, शिसं-कथिल किंवा ॲल्युमिनियम, आणि हे ओळखायला तापलेली सोल्डरिंग आयर्न पुरते. कथिल २३२ अंशाला आणि शिसं ३२७ अंशाला वितळतं, ॲल्युमिनियमला ६६० लागतात, त्यामुळे आयर्नच्या टोकाखाली चकती थेंब होऊन पसरली तर बेअरिंगचा वरचा थर, तशीच राहिली तर ॲल्युमिनियम. खात्री हवी असेल तर काचेच्या वाटीत पाणी घेऊन त्यात थोडा कॉस्टिक सोडा टाका (सोडा पाण्यात, उलटं नाही), त्यात ॲल्युमिनियमचा कण लगेच फसफसतो. पण हे उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करा आणि जवळ ज्योत नको, हायड्रोजन निघतो. आणि एक ध्यानात असू द्या, ॲल्युमिनियम निघालं म्हणजे बेअरिंग निर्दोष ठरलं असं नाही. आताच्या कितीतरी गाड्यांचे शेलच ॲल्युमिनियम-कथिलाचे असतात, त्यामुळे पिस्टनचा स्कर्ट, चेन घासत असलेलं टायमिंग कव्हर आणि शेल तिघंही संशयित. तुमचे शेल कुठल्या प्रकारचे होते ते त्यांच्या खोक्यावरच्या नंबरवरून शोधून ठेवा.

माझा स्वतःचा संशय सांगू? ऑईल कूलर. तुमच्या इंजिनाचं आधी बेअरिंग गेलं होतं, म्हणजे त्या शेलचा चुरा ऑईलबरोबर सगळीकडे फिरला होता आणि कूलरच्या आत इतक्या अरुंद वाटा असतात की तिथे बसलेला चुरा धुऊन निघत नाही, वरून कितीही स्वच्छ दिसो. मी एका इंजिनाबाबत हे भोगलंय, सगळं नवीन टाकलं, जुना कूलर दोनदा धुतला, आणि हजार किलोमीटरच्या आत नवीन शेलवर जुन्या शेलचे कण रुतलेले सापडले. तेव्हापासून बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर मी परत लावत नाही. काही इंजिनांत कूलर फिल्टरच्या आधी असतो, काहींत नंतर, आणि नंतर असेल तर त्यातून सुटलेला कण थेट क्रँकवर जातो. आधी असला तरी निर्धास्त राहू नका, कारण थंड जाड ऑईलला फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढा वेळ न गाळलेलंच ऑईल पुढे जातं. टर्बोचंही तेच, त्याचा शाफ्ट हाताने हलवून बघा, आणि ऑईल यायची पाईप तर नवीनच टाका.

आता तुमचा मूळ प्रश्न, उघडायचं का. इंजिन उतरवायची घाई नको, आधी चेंबर तेवढं खोला. स्ट्रेनरची जाळी बघा, तिथे सिलिकॉन सीलंटचे तुकडे अडकलेले असतात कितीदा तरी, आणि नुसत्या त्यानेही प्रेशर पडतं. मग पंप, कारण फिल्टर पंपाच्या पुढे असतो, पंप मात्र चेंबरमधलं न गाळलेलं ऑईल ओढतो, त्यामुळे कचऱ्याचा पहिला मार तोच खातो. त्यानंतर तीन नंबरच्या रॉडची कॅप काढा. रॉडच्या बाबतीत वरचा शेल बघायचा, जोर त्यावर येतो, आणि मेनच्या (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगच्या) बाबतीत खालचा. त्यावर काळे ठिपके रुतलेले दिसले तर घाण बाहेरून आली. एका बाजूलाच चकाकी असेल तर रॉड वाकडा किंवा जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) निमुळता ग्राइंड झालाय. सगळीकडे सारखा पुसला गेला असेल तर क्लिअरन्स (शेल आणि जर्नलमधली फट) कमी पडला किंवा ऑईल पोचलंच नाही. प्लास्टिगेजची (दाबली की पसरणारी मऊ) पट्टी टाकून क्लिअरन्स मोजा, ५० मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर असा ढोबळ हिशेब, पण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा तोच खरा. क्रँक पुढे-मागे किती सरकतो तेही बघून घ्या, थ्रस्ट वॉशर उलटे बसवले तर (खाचांची बाजू क्रँककडे हवी) ते फार पटकन झिजतात. रॉडचे बोल्ट ताणले जाणाऱ्या प्रकारचे असतील तर परत लावताना नवीनच घ्या.

शेल खराब निघाले तर मग नुसते शेल बदलून बंद करू नका, मी हात जोडून सांगतो. चुरा ब्लॉकच्या आणि क्रँकच्या ऑईल गॅलरीत (ऑईलच्या आतल्या वाटांत) बसलेला असतो, तो काढायला इंजिन उतरवून गॅलरीचे प्लग काढावे लागतात आणि लांब ब्रश घालून साबणाच्या गरम पाण्याने धुवावं लागतं. नुसतं डिझेल मारून होनिंगची बारीक पूड निघत नाही. बोअर पुसलेलं पांढरं फडकं पांढरं राहिलं की धुतलं म्हणायचं.

आणि सगळं स्वच्छ निघालं, चकत्या थोड्याच आणि शेल छान, तर स्विच काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावा. पूर्ण तापल्यावर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना अंदाज आहे, तेवढं मिळतंय का बघा. नवीन फिल्टर, नवीन ऑईल, १०० किलोमीटर हलक्या हाताने, परत फिल्टर कापा. आधी राहून गेलेला कचरा असेल तर दुसऱ्या फिल्टरात तो एकदम कमी होतो. तेवढाच राहिला किंवा वाढला तर तो आत नवीन तयार होतोय.

मिस्त्रींशी भांडायला जाऊ नका, दोन्ही फिल्टर कागद तारीख आणि किलोमीटर लिहून पिशवीत ठेवा, शेल काढलात तर पाठीवर मार्करने नंबर टाका, आणि ते घेऊन जा. चांगला कारागीर ते बघून स्वतःच बोलेल.

प्रश्न : माझ्या पेट्रोल इंजिनाचं काम झालं, सुरू करून अर्धा तास चालवलं तर ऑईल गडद राखाडी, ग्रॅफाईटसारखं दिसतंय. एवढ्यात झीज?

उत्तर : बहुधा नाही. बांधताना कॅम आणि बेअरिंगला जी असेंब्ली ल्युब लावतात तिच्यात बऱ्याचदा मॉलिब्डेनम डायसल्फाईड असतं, ते ऑईलमध्ये मिसळलं की असाच रंग येतो. चुंबकाला ते लागत नाही म्हणून लोक जास्तच घाबरतात. बोटावर चोळा, निसरडं लागेल, कण लागणार नाही. तरी ऑईल-फिल्टर बदलून फिल्टर कापून बघाच.

प्रश्न : ऑईल लॅबला पाठवलं, रिपोर्टमध्ये लोखंड, तांबं सगळं ठीक. फिल्टरमध्ये मात्र चकत्या आहेत. कुणावर विश्वास ठेवू?

उत्तर : फिल्टरवर. लॅबच्या नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण ५ ते १० मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजता येतात, डोळ्यांना दिसणारी चकती त्याच्या दृष्टीने नसतेच. हळूहळू होणारी झीज पकडायला तो रिपोर्ट फार चांगला, एकदम सुटलेला तुकडा मात्र त्यात सापडत नाही. आणि त्यात सिलिकॉन जास्त दिसलं असेल तर लगेच धूळ गेली असं समजू नका, नव्या सीलंटमधूनही ते काही काळ येत राहतं. सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेलं असेल तर मात्र कूलंट ऑईलमध्ये उतरतंय का ते तपासा, पाणी मिसळलेलं ऑईल बेअरिंग फार लवकर खातं.