भाडं थकवून 'इम्युनिटी' सांगणारा भाडेकरू

प्रश्न : माझा फ्लॅट मी संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला भाड्याने दिला आहे. पाच महिन्यांचं भाडं थकलंय. वकिलाकरवी नोटीस पाठवली, तर उलट उत्तर आलं, 'मला इम्युनिटी (कायदेशीर कारवाईपासून संरक्षण) आहे, कोर्ट माझं काही करू शकत नाही.' पैशांवर पाणी सोडायचं का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मुळीच नाही. असं उत्तर देऊन समोरच्याला गप्प बसवणारी माणसं मी वकिलीत पाहिली आहेत आणि दरवेळी मला संताप येतो. कारण ज्या करारातून हे संरक्षण मिळतं, त्यातच त्याची हद्द लिहिलेली आहे.

हा संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकारांविषयीचा 1946 चा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या 18 व्या कलमानुसार अधिकाऱ्याला संरक्षण मिळतं ते त्याने पदाच्या नात्याने बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांना आणि केलेल्या कामांना. स्वतः राहण्यासाठी घर घेणं हे पदाचं काम नव्हे. राजदूतासारखं पूर्ण संरक्षण फक्त सरचिटणीस आणि अगदी वरच्या फळीतल्या मोजक्या लोकांना असतं. 20 वं कलम तर स्पष्टच सांगतं, की हे अधिकार संघटनेच्या हितासाठी आहेत, व्यक्तीच्या वैयक्तिक फायद्यासाठी नाहीत. न्यायाच्या आड येत असेल आणि संघटनेच्या हिताला बाधा येणार नसेल, तर ते काढून घेणं हे सरचिटणिसांचं कर्तव्यच आहे.

संरक्षण हवंच कशाला, असंही तुम्हाला वाटेल. परम कुमारस्वामी यांचं उदाहरण पाहा. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्यावर लक्ष ठेवण्याचं काम संयुक्त राष्ट्रांनी त्यांना दिलं होतं. 1995 मध्ये त्यांनी याच विषयावर एक मुलाखत दिली आणि मलेशियात त्यांच्यावर बदनामीचे दावे लागले. 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं, की ते शब्द कामाच्या ओघातले होते, म्हणून त्यांना संरक्षण आहे. अशा माणसाला ते मिळायलाच हवं. तुमच्या भाडेकरूने थकवलेलं भाडं त्यात कुठे बसतं?

आता कामाचं. भाडेकराराचं पहिलं पान काढा आणि भाडेकरू म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. त्याचं स्वतःचं असेल, तर थेट त्याच्या कार्यालयाच्या विधी विभागाला लेखी तक्रार करा. सोबत करार, थकबाकीचा तक्ता आणि त्याचं ते उत्तर जोडा. संयुक्त राष्ट्रांच्या सेवानियमांत लिहिलं आहे, की खासगी देणी न फेडण्यासाठी हे विशेषाधिकार ही सबब होऊ शकत नाही. शिवाय संरक्षण लागू आहे का, याचा निर्णय कर्मचाऱ्याने स्वतः करायचा नसतो. असा प्रश्न आला की त्याने तो सरचिटणिसांना कळवायचा असतो. त्याने तसं कळवलं का, हे तक्रारीत जरूर विचारा. बहुतेकदा पैसे यायला एवढं पुरतं. नाहीच आले, तर वकिलाला दावा लावायला सांगा.

करारावर खुद्द संघटनेचं नाव असेल तर मात्र दावा टिकणं अवघड, कारण संघटनेचं संरक्षण सर्वांगीण असतं. पण खासगी करारातले वाद मिटवण्याची सोय करणं 1946 च्या त्याच कराराच्या 29 व्या कलमाने तिच्यावर बंधनकारक आहे. संघटनेच्या अशा भाडेकरारात बहुधा लवादाचं कलम असतं. ते शोधा आणि त्यानुसार लवादाची मागणी करणारं पत्र संघटनेला पाठवा.