पॅनेलिंगवर टीव्ही टांगताना

प्रश्न : दिवाणखान्याच्या भिंतीवर आम्ही सहा महिन्यांपूर्वी उभ्या पट्ट्यांचे लूव्हर पॅनेलिंग करून घेतले. इमारत नवी असून आतल्या भिंती पांढऱ्या, हलक्या ब्लॉकच्या आहेत. आता 55 इंची टीव्ही घेतला आहे. स्क्रू सरळ पॅनेलमध्ये मारले तरी चालतील, असे सुतार म्हणतात. टीव्ही बसवायला आलेल्या तंत्रज्ञांनी मात्र तसे करण्यास नकार दिला. एवढे महाग पॅनेल कापायला मन धजत नाही. टीव्ही पुढे ओढून वळवता येईल असे ब्रॅकेट घ्यावे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : तंत्रज्ञांनी नकार दिला ते योग्यच केले. लूव्हर पॅनेल शोभेसाठी असते, वजन पेलण्यासाठी नव्हे. ते पीव्हीसीचे असो वा एमडीएफचे, त्याच्या पातळ जाडीत स्क्रूचे आटे नीट धरत नाहीत आणि आज घट्ट वाटणारा स्क्रू काही महिन्यांत सैल होऊ शकतो. टीव्हीचे वजन भिंतीतच उतरले पाहिजे.

यावर लांब स्क्रू वापरण्याचा उपाय अनेकांना सुचतो. परंतु पॅनेल पट्ट्यांच्या चौकटीवर बसवलेले असेल, तर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये पोकळी असते. त्या पोकळीत स्क्रूला कसलाच आधार नसल्याने तो वजनाने खाली वाकतो, आणि आवळू गेल्यास पॅनेल आत दबून तडकते.

म्हणून पॅनेल कापावेच, असे मी आग्रहाने सांगेन. 55 इंची टीव्ही सुमारे 123 सेंटीमीटर रुंद आणि 70 सेंटीमीटर उंच असतो. त्याच्या मागे मधोमध 80 बाय 45 सेंटीमीटरचा चौकोन कापला, तर तो टीव्हीआड पूर्ण झाकला जातो. मात्र टीव्हीची जागा आधी पक्की करा : सोफ्यावर बसल्यावर डोळे ज्या उंचीवर येतात, साधारण तिथेच पडद्याचा मध्य यावा. कापलेल्या जागेत 18 मिलिमीटर जाडीचा चांगला प्लाय थेट भिंतीला लावावा. तो पॅनेलच्या पृष्ठभागाला येईपर्यंत मागे प्लायचेच थर द्यावेत. पोकळी ठेवू नये. ब्रॅकेट या प्लायवर बसवले की वजन दोन-चार छिद्रांवर न पडता आठ-दहा ठिकाणी वाटले जाते.

तुमच्या भिंतीबाबत हे वाटप फार महत्त्वाचे आहे. तुम्ही वर्णन केलेले ब्लॉक एएसीचे, म्हणजे बोलीभाषेतले सिपोरेक्स, असावेत. एका छिद्रातून खात्री करून घ्या : भुकटी लाल आली तर वीट, पांढरट आणि हलकी आली तर एएसी. या सच्छिद्र ब्लॉकमध्ये साधी गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी छिद्रात ठोकायचा प्लॅस्टिकचा प्लग, जागच्या जागी फिरते आणि फुगणारा लोखंडी अँकर ब्लॉकच फोडू शकतो. एएसीसाठीच बनवलेले लांब नायलॉन अँकर मागा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवूनच छिद्र पाडायला सांगा, कारण ठोक्यांनी छिद्र मोठे होते. त्याआधी मेन स्विच बंद करावा आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली व आडव्या रेषेत छिद्र टाळावे. भिंतीतल्या तारा बहुधा तिथूनच जातात.

हलणारे ब्रॅकेट तुमच्या भिंतीवर मी सुचवणार नाही. समजा टीव्ही 17 किलोचा आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या स्क्रूंत 15 सेंटीमीटर अंतर आहे. टीव्ही भिंतीपासून 6 सेंटीमीटरवर असेल, तर वरच्या स्क्रूंवर बाहेरच्या दिशेने सुमारे 7 किलोची ओढ येते. तोच टीव्ही पुढे ओढून भिंतीपासून 40 सेंटीमीटरवर आणला की ती ओढ 45 किलोंवर जाते, आणि ब्रॅकेटच्या हाताचे वजन यात धरलेलेच नाही. घरात मुले असतील, तर पुढे आलेल्या टीव्हीला कोणीतरी लोंबकळेल हेही गृहीत धरावे लागते. स्थिर ब्रॅकेटच घ्या.

प्रश्न : टीव्हीच्या तारा पॅनेलमागे मोकळ्या सोडल्या तर चालतील का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. विजेची तार स्वतंत्र पाईपमधून न्यावी आणि पॅनेलमागे एक्स्टेन्शन बोर्ड किंवा उघडा जोड कधीही ठेवू नये, कारण तिथे तापलेला जोड वेळेवर कोणाच्या लक्षात येत नाही. एचडीएमआयसाठी दोन इंची वेगळा पाईप टाकून घ्या. पुढे केबल बदलताना तिचे जाड टोक त्यातून सहज ओवता येते.