६४ कोअरच्या चिपसाठी डीबगर व्हिज्युअलायझेशन टूल करायचंय. सगळे कोअर एका स्क्रीनवर कसे दाखवू? क्यूटी घेऊ की थ्री-जेएस?

लायब्ररीचं (क्यूटी खिडक्या-बटणांसाठी, थ्री-जेएस थ्रीडीसाठी) शेवटी बघू. आधी सांगा, कोअर, म्हणजे चिपमधले छोटे प्रोसेसर, दाखवायचेत कशाला? चिपवर किती कोअर आहेत ते डेटाशीटच्या पहिल्याच पानावर असतं.

तुमच्या डोक्यात बहुतेक ६४ चौकोन असणार. चालू तो हिरवा, बंद तो लाल. सगळ्यांच्याच डोक्यात आधी तेच येतं. आमच्याही आलं होतं आणि त्यापायी माझे तीन आठवडे पाण्यात गेले.

२०१५ची गोष्ट. पुण्यातल्या एका कंपनीत (नाव राहू दे) आम्ही पॅरलेला बोर्डवर काम करत होतो. अडाप्टेव्हाने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करून काढलेला, ९९ डॉलरवाला तोच. झिंक नावाच्या मुख्य चिपमधले दोन एआरएम कोअर आणि शेजारी १६ कोअरची एपिफनी चिप. प्रत्येक कोअरला स्वतःची ३२ केबी मेमरी, कॅशे नाही. बोर्ड इतका तापायचा की शेजारी टेबलफॅन लावून ठेवला होता.

प्रोग्राम साधाच होता. इमेजचे तुकडे डीरॅममध्ये (चिपबाहेरच्या मोठ्या मेमरीत) ठेवायचे आणि पुढच्या कोअरच्या मेमरीत फ्लॅग लावायचा, ‘आलंय, घे’ म्हणून. दिवसातून एक-दोनदा सगळं ठप्प व्हायचं. जीडीबी हा डीबगर (प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) लावावा तर प्रत्येक कोअरला वेगळा, म्हणजे सोळा टर्मिनल. बरं, एखादा कोअर थांबवून स्टेपिंग (एकेक पायरी चालवणं) सुरू केलं की बग गायब! पाहुणे आल्यावर पोरं शहाण्यासारखी वागतात ना, तसं.

तेव्हा आमच्या लीडनी टूल करायला घेतलं. थ्रीडी. माउसने फिरणारे सोळा ठोकळे, स्टेटस रजिस्टरमधला ॲक्टिव्ह बिट वाचून रंग बदलणारे. दिसायला झकास, खोटं कशाला बोलू. प्रोग्राम अडकला तसे आम्ही सगळे स्क्रीनभोवती जमलो. सोळाच्या सोळा ठोकळे हिरवेगार! असणारच. फ्लॅगची वाट बघत लूपमध्ये गरगरणारा कोअर चिपच्या लेखी चालूच असतो.

मग मी दोन संध्याकाळी बसून दुसरंच केलं. प्रत्येक कोअरच्या मेमरीत ठरलेल्या जागी एक शब्द राखून ठेवला, फक्त चार बाइट. वाट बघायच्या प्रत्येक लूपमध्ये शिरण्याआधी कोअरने तिथे लिहायचं : कोणासाठी थांबलोय आणि कितव्या फेरीसाठी. एआरएमवरून ते सोळा शब्द वाचले की सोळा ओळींचा तक्ता. रंग नाही, ठोकळे नाहीत. (जागा लिंकर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मेमरीत काय कुठे जाईल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, नीट राखा. स्टॅक वरून खाली सरकत येतो, तो कधी तुमचा शब्द गिळेल कळणारही नाही.)

पुढच्या वेळी अडकल्यावर तक्ता बघितला. (२,१), म्हणजे ओळ २, स्तंभ १ वरचा कोअर, थांबलाय (२,२)च्या पोचपावतीसाठी, फेरी ७. (२,२) थांबलाय (२,१)च्या फ्लॅगसाठी, फेरी ७. बाकीचे चौदा त्यांच्यामागे खोळंबलेले. पंगतीत पानं वाढलीत आणि जो तो शेजाऱ्याने सुरुवात करायची वाट बघतोय.

दोन ओळी वाचल्या आणि कारण सापडलं. एपिफनीत तीन वेगळी जाळी आहेत : चिपच्या आत लिहायला एक, चिपबाहेर लिहायला दुसरं आणि वाचायला तिसरं. आमचा डेटा डीरॅमकडे जायचा बाहेरच्या जाळ्यातून, फ्लॅग आतल्या. वेगवेगळ्या ठिकाणी केलेलं लिखाण ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने पोचेल याची हमी ती चिप देत नाही. एखाद्या वेळी फ्लॅग आधी पोचायचा, (२,२) डीरॅममध्ये डोकवायचा, तिथे अजून सहाव्या फेरीचा हेडर (तुकड्याच्या सुरुवातीची, फेरी सांगणारी नोंद). ‘हे तर झालंय’ म्हणून तो टाकून द्यायचा आणि पुन्हा वाट बघत बसायचा. स्टेपिंग करताना डेटाला पोचायला वेळ मिळायचा, म्हणून बग लपायचा. तुकडा आणि हेडर दोन्ही, फ्लॅगच्या आधी, त्याच कोअरच्या मेमरीत लिहायला लागलो, संपलं.

मीटिंगमध्ये तक्ता दाखवला तर लीड म्हणाले, ‘‘अरे, ही तर एक्सेल शीट आहे. टूल कुठंय?’’ क्लायंटला डेमो ठोकळ्यांचाच झाला, टाळ्याही पडल्या. माझं मत आजही तेच आहे. डीबगरने कोण काम करतंय ते दाखवून भागत नाही, कोण कोणासाठी अडलंय ते दाखवायला हवं. रंगच भरायचे असतील तर वाया गेलेल्या वेळाचे भरा. एपिफनीच्या प्रत्येक कोअरला दोन टायमर असतात आणि बाहेरून डेटा यायची वाट बघण्यात गेलेल्या सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) त्यावर मोजता येतात.

आता हेही सांगायला हवं की माझा अनुभव १६ कोअरचा आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या एपिफनी-५ वर १०२४ होते. तेवढ्या ओळी कोण वाचणार? तिथे आधी नकाशा आणि मग तक्ता, असंच करावं लागेल. इतपत लीडचं बरोबर होतं, म्हणा. शिवाय चिप कोणती यावरही आहे. ग्रीनॲरेजच्या जीए१४४ या चिपमध्ये शेजाऱ्याशी बोलायच्या पोर्टवर अडलेला नोड (तिथला कोअर) हार्डवेअरच झोपवतं, त्यामुळे ‘चालू’ आणि ‘थांबलाय’ यात तिथे खरंच फरक असतो. पण डीबगरचा रस्ताच मधल्या नोडमधून जातो, तेवढे नोड तुमच्या प्रोग्रामला मिळत नाहीत.

क्यूटी की थ्री-जेएस? जे येतं ते घ्या. येत नसेल तर क्यूटी, म्हणजे ठोकळे फिरवायचा मोह तरी होणार नाही. आणि प्रत्येक चौकोनावर दोन नंबर लिहा, तुमचा आणि चिपचा. पॅरलेलावर आपला (०,०) म्हणजे चिपच्या हिशेबात (३२,८), पत्त्याचे वरचे १२ बिट हेक्समध्ये ८०८. मी लिहिले नव्हते. एक अख्खी दुपार भलत्याच कोअरची मेमरी वाचत बसलो होतो.