जन्मतः कानाची नळी नसलेल्या मुलीला हाडातून ऐकवणारं इम्प्लांट बसवलं, तर ते वर्षानुवर्षं टिकतं का?

बहुतेकदा टिकतं. तुमची मुलगी सहा वर्षांची, दोन्ही कान बंद, पाहुणे आले की घरचे सॉफ्टबँड (हाडातून ऐकवणारं मशीन लावलेला डोक्याचा पट्टा) काढून ठेवतात आणि इम्प्लांटचं 'मोठी झाल्यावर बघू' म्हणतात, हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हेच ऐकत मी पोर वाढवली.

माझ्या मुलीलाही दोन्ही नळ्या नाहीत. बेरा टेस्टमध्ये (ऐकण्याची नस आवाजाला कशी साथ देते ते पाहणारी तपासणी) आतला कान चांगला निघाला, म्हणून आधी सॉफ्टबँड आणि शाळेत जायला लागल्यावर कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, वर कातडीतून बाहेर येणारी खुंटी आणि तिच्यावर अडकवायचं ऐकण्याचं मशीन. आता ती कॉलेजात आहे. स्क्रू तोच आहे. मशीन बदलावं लागलं, त्याचे पैसे बाजूला टाकत राहा. वाढत्या वयात हाड आणि कातडी जाड झाली, तेव्हा खुंटीही लांब बसवली.

ती सातवीत असताना दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला सासूबाईंनी हौसेनं डोक्याला भरपूर तेल चोळलं, उटणं लावलं. ते खुंटीभोवती तसंच राहिलं. भाऊबीजेपर्यंत कातडी लाल, ओली, पोर हात लावू देईना. मशीन अडकवता येईना, म्हणजे ऐकणं बंद. घर माणसांनी भरलेलं, आणि दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, पोरीच्या डोक्यात खिळा ठोकून घेतलात. हे सगळे प्रयोग आहेत. काढून टाका, उद्या स्थळं येतील तेव्हा काय सांगाल?" पोरीला ऐकू येत नव्हतं, पण त्यांचं बोट कुठे आहे ते दिसत होतं.

जवळच्या डॉक्टरांनीही काढायचंच सुचवलं. मी तिला घेऊन ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे गेले. त्यांनी खुंटी हलवून पाहिली, स्क्रू घट्ट होता. जागा साफ केली, खुंटीभोवती मलमाची पट्टी गुंडाळून खुंटीवर छोटं झाकण बसवलं. कातडीची तक्रार वेगळी आणि हाडाची वेगळी, हे त्यांनी तेव्हा समजावलं. कातडी बरी झाली. त्यानंतर खुंटीभोवती तेल बंद, आणि मऊ ब्रशनं पापुद्रे काढायचं काम मुलगी स्वतः करते.

प्रयोग म्हणणाऱ्यांना सांगा: टायटॅनियम हाडात रुजतं हे स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी दाखवलं, दातांचे इम्प्लांट त्यावरच उभे आहेत. त्यांच्याच गोथेनबर्ग शहरात 1977 साली कानामागे पहिले स्क्रू बसले. अमेरिकेत 1999 पासून पाच वर्षांवरच्या मुलांना हे बसवायला परवानगी आहे. आणि स्थळांचं म्हणाल तर ज्या घराला मशीन खुपतं, तिथे मुलगी द्यायचीच नाही. मी दिरांना हे तोंडावर सांगितलं, आमचं बोलणं पुष्कळ दिवस बंद होतं. पाहुण्यांसमोर सॉफ्टबँड काढू देऊ नका. घरात सगळ्यात जास्त बोलणं तेव्हाच होतं आणि तेच तिच्या कानावर पडायला हवं.

आता हेही लिहायला हवं. मुलांचं हाड पातळ असतं, म्हणून स्क्रू सैल होण्याचं किंवा डोक्याला मार लागून निघण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. निघाला तर बहुतेक वेळा दुसऱ्या जागी परत बसवता येतो. मी लिहिलं ते आतला कान शाबूत असेल तरच लागू. तो पुढे कमकुवत झाला तर जास्त ताकदीचं मशीन लागतं. खुंटी नकोच असेल तर कातडीखाली बसणारे बोनब्रिज, ओसिया हे प्रकार आहेत. त्यात कातडीचा त्रास कमी, पण आत चुंबक असल्यानं एमआरआयच्या वेळी अडचण येते आणि आतला भाग बिघडला तर पुन्हा ऑपरेशन. हाडाची जाडी सीटी स्कॅनवर बघूनच ते ठरतं.

बरगडीच्या कूर्चेपासून बाहेरचा कान बनवून घ्यायचा विचार असेल, तर प्लास्टिक सर्जन आणि ईएनटी दोघांना आधी एकत्र बसवा. स्क्रूची जागा चुकली किंवा तिथे व्रण आला, तर नव्या कानासाठी लागणारी कातडी खराब होते.