८० ते १०० च्या वेगात गाडी थरथरते, दोनदा चाकांचं बॅलन्सिंग करूनही फरक नाही. ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा) बदलू का?

थरथर चालू असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढून पाहिलात का? तुम्ही वेग लिहिलाय, टायरचं वय लिहिलंय, १०० च्या पुढे थरथर कमी होते हेही लिहिलंय. फक्त हे लिहिलेलं नाही, आणि सगळं घोडं इथेच अडतं.

आमच्या गाडीचं सांगतो. ती पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना. चढावर ८५ च्या पुढे पाय दाबला की सीटखालून घुर्रर्र व्हायचं, स्टीअरिंग मात्र स्थिर. पाय उचलला की त्याच क्षणी बंद, वेग अजून तेवढाच असताना. आमचे मेव्हणे गाड्यांमधले जाणकार समजले जातात (हे कोणी ठरवलं, मला माहीत नाही). त्यांनी गाडीत न बसताच निकाल दिला: इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते. मिस्त्री त्यांच्याच ओळखीचा, त्यामुळे माउंटिंग बदललं गेलं. थरथर होती तिथेच. मग अलाइनमेंट झालं. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर झिजतात. अशी थरथर त्याने येत नाही. पण सांगणार कोणाला? त्यानंतर चारही टायर बदलायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी गाडी घेऊन एकटाच निघालो.

तोच चढ, तोच वेग, पण पाचवाऐवजी चौथा गिअर. इंजिनाचे फेरे वाढले, थरथर त्याच वेगाला आणि तशीच. म्हणजे तिचा संबंध इंजिनाच्या फेऱ्यांशी नव्हता, माउंटिंगचा विषय तिथेच संपला. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर तेवढ्याच वेगात न्यूट्रल केलं. गाडी लोण्यासारखी. टायर किंवा रिम दोषी असते तर न्यूट्रलमध्येही हादरे बसले असते, चाक तर तितकंच फिरत होतं. आता जो भाग चाकाबरोबर फिरतो आणि ओढ पडल्यावरच कुरकुरतो, असा उरला कोण? ड्राइव्हशाफ्टचा आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंट (सांधा).

मिस्त्री ऐकेना. गाडी जॅकवर चढवून चाक फिरवून दाखवलं: "बघा, काही नाही. बूटसुद्धा फाटलेलं नाही." (बूट म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण.) अहो, जॅकवर चाकं लोंबतात, शाफ्टचा कोनच बदलतो, आणि जॉइंटवर भार शून्य. तिथे काय दिसणार? वळताना टकटक होते ती बाहेरच्या जॉइंटची. आतला बहुधा असा गुपचूप झिजतो, बूट धड असलं तरी. शेवटी उघडायला लावलाच. आत तीन रोलर तीन खाचांमध्ये मागेपुढे सरकतात. त्या खाचांना नखाला लागेल अशी कड पडली होती. जॉइंट बदलला, थरथर गेली. मेव्हण्यांचं म्हणणं अजूनही हेच, की नव्या माउंटिंगचं रबर बसायला वेळ लागला.

थरथरीची जातही ओळखता येते. ९० च्या वेगाला लहान गाडीचं चाक सेकंदाला साधारण १३ फेरे घेतं. चाकाचा दोष तेवढ्याच लयीत जाणवतो, हातातलं स्टीअरिंग हलताना डोळ्यांना दिसतं. तीन रोलरचा जॉइंट फेऱ्याला तीन धक्के देतो, म्हणजे सेकंदाला चाळीसच्या आसपास. ते हलणं दिसत नाही, पायाखाली नुसतं गुणगुणतं. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट करतं, ती आणखी बारीक झिणझिण.

आता तुमचं. पाय काढूनही, न्यूट्रलमध्येही थरथर राहिली, तर शाफ्टला हात लावू नका, दोष बहुधा चाकातच आहे. ठराविक वेगाला येऊन पुढे ओसरणं हे तर त्याचं नेहमीचं लक्षण. बॅलन्सिंगचं साधं मशीन वजन जुळवतं, टायर गोल आहे का ते बघत नाही. चाक मशीनवर फिरताना स्वतः शेजारी उभे राहा. रिम डुलते का, टायर एका जागी उडी मारतो का ते बघा. पुढची चाकं मागे टाका. थरथर स्टीअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष त्याच चाकांत, प्रश्न मिटला. पाय काढल्यावर थांबत असेल, तर आतला जॉइंट उघडायला लावा. अख्खा शाफ्ट आंधळेपणाने बदलू नका. डावा की उजवा हेही आधी ठरलेलं नाही.

हे सगळं करण्याआधी चाकांचे नट घट्ट आहेत का बघा, आणि टायरला कुठे फुगवटा असेल तर प्रयोग राहू द्या, त्या टायरवर वेग घेऊच नका. न्यूट्रलची चाचणी रिकाम्या सरळ रस्त्यावर, इंजिन चालू ठेवूनच. ऑटोमॅटिक असेल तर नुसता पाय काढून बघणं पुरे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला यातलं निम्मंच लागू पडेल: तिथे गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या सांध्यांमधले क्रॉस आणि मधलं बेअरिंग आधी तपासायचं, आणि शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही टोकांना खुणा करायच्या, नाहीतर उलटा बसवल्यावर नवीनच थरथर सुरू होते.

आणि कोणी माउंटिंग म्हणालंच, तर त्याला शेजारी बसवून गिअर बदलून दाखवा. आमचे मेव्हणे अजून बसलेले नाहीत.