पोला नेग्री उच्चारांमुळे संपली?

प्रश्न : आमच्या जुळे सोलापूरच्या कट्ट्यावर वाद झाला. एक गृहस्थ सांगतात, मूकपटातली पोलंडची नटी पोला नेग्री बोलपट आले आणि संपली, कारण तिचे उच्चार. मला पटत नाही. खरं काय?
– एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर

उत्तर : काका, तुमचंच बरोबर. परदेशातून हॉलिवूडला गेलेली नटी दिसली की तिच्या उच्चारांवर खापर फोडायची सवयच लागलीय. हंगेरीच्या विल्मा बँकीला ते थोडंफार लागू पडतं. पोलाचं आधीच बिनसलं होतं.

जन्म १८९७ चा, लिप्नो गावचा. तेव्हा तिथं रशियाचं राज्य; वडिलांना झारच्या पोलिसांनी सैबेरियात धाडलं, मायलेकींनी वॉर्सात गरिबीत दिवस काढले. पोरगी बॅले शिकली, पण क्षयानं नाच सुटला. पुढे बर्लिनमध्ये दिग्दर्शक लुबिचनं तिला घेऊन ‘मादाम द्यूबारी’ (१९१९) काढला. तो अमेरिकेत ‘पॅशन’ नावानं गाजला आणि १९२२ मध्ये हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीनं तिलाच बोलावून घेतलं. भाषेची अडचण कसली? मूकपटात संवाद दाखवणाऱ्या मधल्या पाट्या बदलल्या की झालं! मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत ऐकणाऱ्या सोलापूरकराला याची गंमत वेगळी सांगायला नको.

बिनसलं ते १९२६ मध्ये. मूकपटांचा लाडका नायक व्हॅलेंटिनो वारला. आमचं लग्न ठरलं होतं, असं पोलाचं म्हणणं. अंत्यदर्शनाला ती फोटोवाल्यांसमोर कोसळली आणि लोक म्हणाले, नाटक करते. वर्षाच्या आत तिनं जॉर्जियाच्या सर्ज म्दिवानीशी लग्न केलं. तो स्वतःला राजपुत्र म्हणवायचा. मग तर चाहते बिथरलेच. मला ते रडणं खोटं वाटत नाही. बाईला हातचं राखून काही करताच येत नसे, पडद्यावरसुद्धा. पण १९२८ मध्ये पॅरामाउंटचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. तोवर तिचा एकही बोलपट आलेला नव्हता.

पहिला आला १९३२ मध्ये, ‘अ वुमन कमांड्स’. तो पडला, पण त्यात तिनं गायलेलं ‘पॅरडाइज’ लोकांच्या ओठांवर बसलं. आवाज जाडसर, घोगरा. वाईट मुळीच नाही. १९३५ चा जर्मन ‘मझुर्का’ तर चांगला चालला, आणि तो बोलपटच होता.

कट्ट्यावर काही दाखवायचंच असेल, तर ‘हॉटेल इम्पीरिअल’ (१९२७) दाखवा. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीतल्या हॉटेलात ती मोलकरीण आहे. दागदागिने नाहीत, नखराही बेताचा. त्या गृहस्थांना मात्र पहिल्या रांगेत बसवा.