वाचकांचे प्रश्न : जॉर्जियातील आगाऊ मतदान आणि मतदारयादीतले अडथळे

प्रश्न : अमेरिकेच्या 2024 मधील अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जिया राज्यात आगाऊ मतदानाचा विक्रम झाला, असे त्या वेळी वाचले होते. याच राज्याने 2021 मध्ये मतदान अवघड करणारा कायदा केल्याची टीकाही वाचनात आली होती. कायदा एवढा जाचक असता, तर विक्रम कसा झाला असता? यांतले खरे काय मानावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : विक्रम झाला हे खरे आहे. 15 ऑक्टोबर 2024 रोजी, म्हणजे आगाऊ मतदानाच्या पहिल्याच दिवशी, तीन लाखांहून अधिक लोकांनी मत दिले. 2020 मध्ये पहिल्या दिवसाचा आकडा सुमारे 1 लाख 36 हजार होता. 1 नोव्हेंबरला ही मुदत संपेपर्यंत, टपाली मते धरून, सुमारे 40 लाख मते पडली होती. मात्र एकूण मतदान पाहिले, तर ते 2020 च्या सुमारे 50 लाखांवरून सुमारे 52 लाखांवर गेले. वाढ आहे, पण पहिल्या दिवसाच्या आकड्याने डोळे दिपावेत तेवढी नाही. जे मतदार एरवी निवडणुकीच्या मंगळवारी आले असते किंवा ज्यांनी टपालाने मत पाठवले असते, त्यांतले अनेक जण आधीच केंद्रावर येऊन गेले, हा या विक्रमातला मोठा भाग आहे.

यामागची कारणे दोन. 2020 मध्ये करोनामुळे सुमारे 13 लाख लोकांनी टपाली मत दिले होते. मार्च 2021 मध्ये राज्यपाल ब्रायन केम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने नेमका टपाली मतदानावरच चाप लावला : अर्ज करण्याची मुदत आखडली, अर्जावर ओळखपत्राचा क्रमांक सक्तीचा झाला आणि मतपत्रिका टाकण्याच्या पेट्या रस्त्याकडेच्या जागांवरून उचलून आगाऊ मतदानाच्या केंद्रांच्या आत, तेही केंद्राच्या वेळेपुरत्याच, ठेवल्या गेल्या. प्रत्यक्ष येऊन करायच्या आगाऊ मतदानाचे दिवस मात्र या कायद्याने कमी केले नाहीत. उलट दोन शनिवार सर्व काउंट्यांना (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना) बंधनकारक केले. दुसरे कारण राजकीय आहे. 2020 मध्ये ट्रम्प यांनी टपाली मतदानावर संशयाची राळ उडवली होती, तर 2024 मध्ये त्यांच्याच पक्षाने समर्थकांना ‘लवकर मत द्या’ म्हणून गळ घातली.

त्यामुळे विक्रम दाखवून कायद्याला निर्दोष ठरवणे मला पटत नाही. रविवारचे मतदान काउंटीच्या मर्जीवर ठेवले आहे, आणि चर्चमधील प्रार्थनेनंतर एकत्र मतदानाला जाण्याची कृष्णवर्णीय समाजाची प्रथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही मर्जी किती महत्त्वाची आहे हे सांगावे लागत नाही. मतदान केंद्रापासून 150 फुटांच्या आत रांगेतल्या लोकांना कार्यकर्त्यांनी पाण्याची बाटली देणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला. पाणी ठेवायचेच, तर ते केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी ठेवावे आणि मतदाराने आपल्या हाताने घ्यावे! दुसऱ्या बाजूने, विरोधकांनी या कायद्याची तुलना जुन्या वर्णभेदी कायद्यांशी केली, तीही मला अतिशयोक्तीच वाटते. जॉर्जियात 2020 चा निकाल अवघ्या 11,779 मतांनी लागला होता. एवढ्या निसटत्या फरकाच्या राज्यात प्रत्येक कलम कोणाच्या पथ्यावर पडेल, हाच हिशेब दोन्ही पक्ष मांडतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : केंद्रावरची रांग मोजताना यादीत नाव असलेलेच लोक मोजले जातात. ज्याचा अडथळा नावनोंदणीतच आहे, तो या आकड्यांत कुठेच दिसत नाही. पुढचा प्रश्न त्याबद्दलचाच आहे.

प्रश्न : आम्ही अटलांटाजवळ अल्फारेटा येथे राहतो. मला नुकतेच अमेरिकी नागरिकत्व मिळाले. वाहन परवाना जुना आहे आणि त्यावर मधले नाव पतीचे आहे. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर ते वडिलांचे आहे. मतदारनोंदणीत अडचण येईल का? (एक वाचक)

उत्तर : अडचण मधल्या नावापेक्षा जुन्या परवान्यामुळे येण्याची शक्यता अधिक आहे.

जॉर्जियात अर्जातील नाव, जन्मतारीख आणि परवान्याचा क्रमांक किंवा सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार अंक सरकारी नोंदींशी ताडून पाहतात. एके काळी ही तपासणी फार कडक होती : एखादे अक्षर वा जोडरेघ कमी-जास्त झाली तरी अर्ज अडकत असे. 2018 मध्ये असे सुमारे 53 हजार अर्ज प्रलंबित असल्याचे उघड झाले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. तेव्हा निवडणूक खाते सांभाळणारे राज्यसचिव होते ब्रायन केम्प, आणि राज्यपालपदाचे उमेदवारही तेच होते. स्टेसी अब्राम्स यांच्याविरुद्धची ती लढत त्यांनी सुमारे 55 हजार मतांनी जिंकली. 2019 च्या कायद्याने नावातल्या तफावतीचा जाच बराच कमी झाला. आता नाव न जुळले तरी साधारणपणे नोंदणी होते आणि मतदानाच्या वेळी ओळखपत्र दाखवावे लागते.

नागरिकत्वाची तपासणी मात्र वेगळी आहे. आपण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असताना परवाना काढला असेल, तर परवाना खात्याच्या नोंदीत आपण अजूनही परदेशी नागरिकच असाल. शपथविधी झाला म्हणून ती नोंद आपोआप बदलत नाही. नोंदणी अर्ज त्या जुन्या नोंदीशी ताडला गेला की आपण नागरिक नसल्याचा शेरा पडतो आणि अर्ज पुराव्याअभावी अडकतो. 2018 मध्ये अशाच मतदारांसाठी संघीय न्यायाधीश एलेनॉर रॉस यांनी आदेश दिला होता, की त्यांनी केंद्रावरील प्रमुखांना नागरिकत्वाचा पुरावा दाखवला की त्यांना नेहमीसारखे मत देऊ द्यावे. आपण तेवढी वाट पाहू नये. आधी परवाना खात्यात नागरिकत्वाचे प्रमाणपत्र किंवा अमेरिकी पासपोर्ट नेऊन नोंद दुरुस्त करावी, मग नोंदणी करावी आणि राज्याच्या ‘माय व्होटर पेज’वर नाव आले की नाही ते तपासावे. घरात कोणी अजून ग्रीन कार्डवर असेल, तर परवाना खात्याच्या अर्जातील मतदारनोंदणीचा भाग त्यांनी अतिशय जपून वाचावा. नागरिक नसताना नोंदणी होणे पुढे फार महागात पडते.

नोंदणीची अखेरची तारीख निवडणुकीआधीच्या पाचव्या सोमवारी येते आणि ती सहसा हलत नाही. 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळाने ऑगस्टा शहरापासून व्हॅल्डोस्टा शहरापर्यंत वीज आणि इंटरनेट बंद पडले असतानाही 7 ऑक्टोबरची मुदत वाढवून देण्यास न्यायालयाने नकार दिला. नाव यादीत आल्यावरही अधूनमधून ते पाहत राहावे, कारण भारतात जशी नमुना 7 भरून हरकत घेता येते, तशी तिथे एकच मतदार कितीही नावांवर हरकत घेऊ शकतो. अल्फारेटाशेजारच्या ग्विनेट काउंटीत 2022 मध्ये अशा हरकती हजारोंनी आल्या होत्या. बहुतेक फेटाळल्या गेल्या. तरी त्या निकाली काढेपर्यंत कर्मचाऱ्यांचा घामटा निघाला.

प्रश्न : आपल्याकडे असे आगाऊ मतदान का नाही? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : मर्यादित स्वरूपात आहे. 85 वर्षांवरील आणि किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना घरबसल्या टपाली मत देता येते आणि निवडणूक कर्मचाऱ्यांनाही टपाली मताची सोय आहे. सर्वांसाठी ती नसण्याचे एक कारण असे, की आपल्याकडे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि केंद्रही सहसा चालत जाण्याच्या अंतरावर असते. अमेरिकेत निवडणुकीच्या मंगळवारी देशव्यापी सुट्टी नसते. यादीचेही तसेच आहे : इथे केंद्रस्तरीय अधिकारी दारी येऊन नावे तपासतो, तिथे नाव घालण्याचा आणि ते टिकले आहे की नाही हे पाहण्याचा भार बहुतांशी मतदारावर असतो.